जुन्या पॉप-अप कॅम्परच्या टपावर ट्रॅक: स्क्रू किती, हा प्रश्न शेवटचा

पर्वरीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्याकडे पिकअपच्या हौद्यात बसणारा पंधराएक वर्षांचा पॉप-अप कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची छोटी खोली, आहे. टप ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. मुक्कामाला वर उचलायचा, निघताना खाली दाबून क्लिपा लावायच्या. पहिल्या मालकाने तो गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या कुणाकडून करून घेतला होता, त्यामुळे आत काय आहे याचा कागद नाही. आता टपावर दोन लांब ट्रॅक (खाच असलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या), त्यांवर आडवे बार आणि बारांवर एक कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, नि एक सोलर पॅनल असा बेत आहे. ते लिहितात: "पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचंय. सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून वरून सिलिकॉन भरलं तर चालेल ना? एका ट्रॅकला किती स्क्रू? मेहुणे म्हणतात भोकं पाडूच नका, नुसतं चिकटवा."

माझं म्हापशाजवळ छोटं वर्कशॉप आहे. मूळ धंदा फायबरच्या होड्या आणि ट्रॉलरच्या केबिनी दुरुस्त करण्याचा. व्हॅन आणि कॅम्परची कामं गेल्या बारा-तेरा वर्षांत त्याला जोडून आली. पॉप-अप टप म्हणाल तर मोजून दहा-बारा हाताखालून गेले असतील, पण गळतीचा अभ्यास होड्यांवर झालाय. मालीमच्या जेटीवर उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या छतावरचं एक चुकीचं भोक काय करतं ते बघितलं की माणूस ड्रिल हातात घेताना दोनदा विचार करतो.

तर स्क्रूंची संख्या तूर्त बाजूला ठेवू. तुमच्यापुढे खरे प्रश्न तीन आहेत. ट्रॅकवरचं वजन भिंतींपर्यंत कुठल्या वाटेने पोचणार? एवढं वजन घेऊन टप उचलणार कोण? आणि पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत जायचं म्हटलं तर कुठे जाणार? यांची उत्तरं तुमचा टप आतून कसा बांधलाय यावर आहेत, आणि ते मला इथे बसून दिसत नाही. म्हणून खाली बऱ्याच ठिकाणी "असं असेल तर असं" येईल, ते चालवून घ्या.

टपाला छत्री समजा. वरचा पत्रा म्हणजे छत्रीचं कापड. पाणी अडवणं एवढंच त्याचं काम. ताकद काड्यांत असते. तुमच्या टपाच्या काड्या म्हणजे पत्र्याखालची चौकट: कडेने फिरणारी जाड पट्टी आणि मध्ये ठरावीक अंतरावर आडव्या बरगड्या. मधल्या जागेत थर्माकोल नाहीतर फोम, खाली पातळ प्लायचं सिलिंग. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, कधी त्याहून कमी. त्यात सेल्फ टॅपिंग स्क्रूला धरायला एखादा आटा मिळतो. कयाक वाऱ्याने वर ओढली की तो स्क्रू सुटेल, नाहीतर हळूहळू भोक मोठं करत बसेल. दुसरं वाईट, कारण तोपर्यंत वरचं सिलिकॉन जागच्या जागी दिसत असतं आणि आत पाणी मुरत असतं.

चौकट कशाची आहे हे आधी शोधा. त्या काळात आपल्याकडे बनलेल्या कॅम्परमध्ये तीन प्रकार मी पाहिलेत: ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची चौकट, लाकडाच्या पट्ट्यांची चौकट, आणि बरगड्या नसलेला, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला सलग पॅनल. तिन्हींना वेगळी औषधं. ओळखायची सगळ्यात स्वस्त युक्ती थंडीतली आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे टपावर दंव पडतं तेव्हा शिडीवर चढून बघा. बरगडीच्या वर आणि फोमच्या वर दंव सारखं पडत नाही, सगळी चौकट पट्ट्यापट्ट्यांनी उमटते. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नकाशा तयार. आत्ता उन्हाळ्यात ते जमणार नाही. तेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. पोकळ आवाज बदलून ठस्स आवाज आला की तिथे बरगडी. लोखंडी स्क्रू वापरले असतील तर लोहचुंबकही रांग दाखवतो.

तरी एवढ्यावर मी ड्रिल उचलत नाही. आतून सिलिंगची एक पट्टी, शक्यतो कोपऱ्यातली, काढून आत बॅटरी मारा. पंधरा वर्षं म्हणजे गोव्याचे पंधरा पावसाळे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. बांधणाऱ्याने कितीही जीव ओतला असला तरी कुठेतरी पाणी शिरलेलं असतंच. लाकूड असेल तर टोच्या घेऊन दर वीतभर अंतरावर टोचून बघा. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं. कुजलेलं लोण्यासारखं आत घेतं. ॲल्युमिनियमची नळी असेल तर पांढरं पीठ साचलंय का बघा, विशेषतः जिथे लोखंडी स्क्रू गेलेत तिथे. ते पीठ म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज.

हे सांगतोय कारण मी एकदा हे केलं नव्हतं. साधारण अकरा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गिऱ्हाईक घाईत होतं, मीही होतो. वरून टप छान होता, नुकताच रंगवलेला. ट्रॅक मांडले, ठोकून बरगड्या शोधल्या, लाकडात स्क्रू घेतले. पाचवा स्क्रू आवळताना हाताला काहीच लागेना, नुसता फिरत राहिला. सहावाही तसाच. सिलिंग उघडलं तर पुढच्या दोन बरगड्यांच्या जागी ओल्या शेवाळी भुशाशिवाय काही उरलं नव्हतं. ट्रॅकच्या दोन दिवसांच्या कामाचं तीन आठवड्यांचं चौकटीचं काम झालं, आणि माझ्या ड्रिलने ते कुजवलं असा गिऱ्हाइकाचा काही दिवस ठाम समज होता. त्याला तरी दोष कसा देणार?

टपाची मध्यरेषा खाली बसलीय का तेही बघून घ्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणा आणि मध्ये किती फट राहते ते मोजा. मध्ये खोलगट भाग असेल तर तिथे पाणी साचतं. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. ते रोज वर बसतं आणि खोलगटपणा वाढवतं. अशा टपावर मधोमध काहीही बसवू नका. आधी चौकट सरळ करून घ्या.

आता वजन. तुमची कयाक एका माणसाची प्लास्टिकची असेल तर वीस ते पंचवीस किलो. शंभर वॉटचं काचेचं पॅनल सात-आठ किलो. दोन बार आणि त्यांचे पाय पाच-सहा, ट्रॅक आणि बोल्ट मिळून दोन-तीन. म्हणजे चाळीस किलो धरा. गाडीच्या टपाला चाळीस किलो काहीच नाही, कारण तो टप गाडीला वेल्ड केलेला असतो. तुमचा टप म्हणजे झाकण आहे. ते झाकण वर असताना कापडाच्या भिंतीने नव्हे तर कोपऱ्यातल्या दांड्यांनी, किंवा पुढच्या-मागच्या घडीच्या फळ्यांनी तोललेलं असतं. पुष्कळ जुन्या कॅम्परना डिकीला असतात तसे गॅसचे शॉकअप मदतीला लावलेले असतात, आणि पंधरा वर्षांत त्यातला गॅस निम्मा उडालेला असतो. एकदा रिकामा टप उचलून बघा. आत्ताच दोन्ही हात आणि डोकं लावून ढकलावं लागत असेल तर पुढचं उत्तर तुम्हाला मिळालं.

लोक म्हणतात, मग जास्त ताकदीचे शॉकअप टाकू. टाका, पण हिशोबाने. शंभर न्यूटन म्हणजे ढोबळ दहा किलोचा जोर. कयाकसकट उचलता यावं म्हणून जोर वाढवलात, तर कयाक नसताना टप खाली यायचं नाव घेत नाही. मग लोक एका बाजूने लोंबकळून तो खाली ओढतात, झाकण तिरकं होतं आणि पत्र्याच्या शिवणी उसवतात. मी कायम टपावर राहणाऱ्या वजनापुरतेच, म्हणजे ट्रॅक, बार आणि पॅनल एवढ्याचेच शॉकअप धरतो. कयाक मुक्कामाला पोचल्यावर आधी खाली, मग टप वर. हा नियम मान्य नसेल, तर कयाक टपावर नेऊच नका असं मी स्पष्ट सांगेन.

आणखी एक गोष्ट, जी विचारणाऱ्यांपैकी कुणीच विचारत नाही. रस्त्यावर असताना टप खाली कशाने धरलेला असतो? चार, फार तर सहा क्लिपांनी. कयाकखाली वारा शिरला की तो ओढ घेतो बारला, बार ट्रॅकला, ट्रॅक चौकटीला, आणि सगळी ओढ येऊन थांबते त्या क्लिपांवर. ट्रॅकला वीस बोल्ट मारलेत आणि क्लिपा पंधरा वर्षं जुन्या, छोट्या पॉप रिव्हेटवर लटकलेल्या असल्या तर तुमचं कॅरिअर त्या रिव्हेटांइतकंच भक्कम. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठऐवजी नव्वदने चाललात की वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. झुआरीच्या नव्या पुलावर आडवा वारा असताना कयाक घेऊन जाऊन बघा, मी काय म्हणतो ते लगेच कळेल. म्हणून माझ्याकडे ट्रॅकचं काम आलं की क्लिपा आधी बदलतो. त्या बोल्टने लावतो आणि मागे पट्टी देतो.

तोच विचार दोरीचा. कयाकच्या नाकाला आणि शेपटीला दोरी बांधायची, बरोबर. पण ती पिकअपच्या बॉनेटला किंवा पुढच्या बंपरला नको. कॅम्पर हौद्यात वेगळा हलतो, गाडीची केबिन वेगळी. चोर्ला घाटात एक खड्डा आला की दोरी कधी सैल, कधी ताठ, आणि ताठ झाली की थेट तुमचे बोल्ट ओढते. दोरी कॅम्परच्याच अंगाला बांधा, कॅम्परचं जे नाक गाडीच्या केबिनवर आलेलं असतं त्याच्या खाली हूक लावून. आणि ती टपाला नको, कॅम्परच्या खालच्या न हलणाऱ्या भागाला हवी. म्हणजे क्लिपांनाही तिची मदत होते.

ट्रॅक कुठे बसवायचे ते आता सोपं आहे. लांबीच्या दिशेने, दोन्ही कडांजवळ, शक्य तितके भिंतीच्या वर. टप खाली असतो तेव्हा त्याची कड भिंतीवर टेकते, वजन सरळ खाली उतरतं आणि बरगड्यांच्या मध्यावर भार येत नाही. कडेची जाड पट्टी सापडली असेल तर ट्रॅकची रेघ तिच्या मध्यावर घ्या. आडवे ट्रॅक बसवायचा मोह होतो, कारण प्रत्येक बरगडीवर एक असे ते छान दिसतात. ते करू नका. आडवा ट्रॅक पाण्याला बांध घालतो. परदेशी व्हिडिओंत कोरड्या मुलुखातले लोक तसं करतात आणि त्यांचं निभतं. आपल्याकडे जुलैत टपावर तळी होतील. थुले, याकिमा यांचे तयार ट्रॅक घेतलेत काय किंवा स्थानिक ॲल्युमिनियमवाल्याकडून खाचेची पट्टी आणलीत काय, माझ्या मते फरक किमतीपेक्षा कमी पडतो. पट्टीची जाडी आणि खाचेची ओठं बघून घ्या, ती पातळ असली की खाचेत अडकवलेला टी-बोल्ट ओठ वाकवून बाहेर येतो.

पकडायचं कशाने, ते चौकटीवर ठरतं. आतून सिलिंग काढता येत असेल तर माझी पहिली पसंती आरपार बोल्टला. सहा मिलिमीटरचा बोल्ट, आत चौकटीखाली चाळीस मिलिमीटर रुंद आणि चार जाड ॲल्युमिनियमची सलग पट्टी, तिच्यावर नट. सुटे वॉशर नकोत, सलग पट्टी सगळ्या बोल्टांचा भार वाटून घेते. ॲल्युमिनियमची नळी असेल आणि आतून हात जात नसेल तर रिव्हनट, म्हणजे बाहेरूनच भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट. एम ६ च्या रिव्हनटला नऊ मिलिमीटरचं भोक लागतं. अर्धा मिलिमीटर मोठं झालं तरी तो आत फिरत बसतो, म्हणून बिट नवं घ्या. खरेदी करताना रिव्हनट किती जाडी पकडतो ते विचारा, पत्रा आणि नळीची भिंत मिळून जेवढी होते तेवढी त्याच्या पट्ट्यात बसली पाहिजे.

लाकूड ठणठणीत असेल तर स्क्रू चालेल, पण होडीच्या पद्धतीने. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, त्यात इपॉक्सी भरायचं, पुरतं वाळू द्यायचं, आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडायचं. उद्या सीलंटने दगा दिला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही, इपॉक्सीच सापडतं. वेळखाऊ आहे, एका भोकाला तीन वेळा हात लावावा लागतो. आमच्याकडे नवीन आलेली पोरं याला कंटाळतात. फोमच्या सलग पॅनलला आरपार बोल्ट लागतो, पण नुसता आवळलात तर फोम दबून पत्र्याला खळी पडते आणि त्या खळीत पाणी साचतं. तिथे आत नळीचा तुकडा बसवायचा, पॅनलच्या जाडीइतकाच लांब. बोल्ट नळीवर आवळला जातो, फोमवर नाही.

मेहुण्यांच्या चिकटवण्याबद्दल. ते अगदी चुकीचं बोलत नाहीत. पॉलियुरेथेनचा चांगला चिकट सीलंट प्रचंड धरतो. होड्यांना मी चिकटवलेले भाग पुढे पत्रा फाडून काढावे लागलेत. अडचण अशी की सीलंट ट्रॅकला पत्र्याशी धरतो. पत्र्याला चौकटीशी कोण धरतं? जुन्या टपात पत्रा खालच्या फोमपासून सुटलेला असतो, हाताने दाबला की टिकटिक वाजतो. तिथे तुम्ही ट्रॅक चिकटवलात म्हणजे छत्रीच्या कापडाला हॅंडल शिवलंत. सपाट, वारा न धरणारं हलकं सोलर पॅनल मी चिकटवतो. कयाकचा ट्रॅक नाही. दोन्ही एकत्र मात्र उत्तम: बोल्ट धरायला, सीलंट पाणी अडवायला.

आणि मग सिलिकॉन. माझ्या पहिल्या ट्रॅकच्या कामात मी तेच भरलं होतं, प्लंबिंगच्या दुकानातलं, आंबट वासाचं. जुलैच्या मध्यात फोन आला, गादी भिजलीय. तो आंबट वास व्हिनेगरच्या जातीच्या आम्लाचा असतो, ॲल्युमिनियमला तो सोसत नाही, पत्रा खाली पांढरा पडतो. त्याहून मोठी कटकट म्हणजे सिलिकॉनने एकदा जागा बाटवली की पुढे तिथे दुसरं काही चिकटत नाही, रंगही नाही. नवीन सिलिकॉनही जुन्यावर नीट बसत नाही. तुमच्या टपावर आधीच कुणी फासलं असेल तर ब्लेड, मग खरकागद, मग थिनर, आणि तरी खात्री नाही. ट्रॅकखाली मी ब्युटाइलची टेप वापरतो, ती काळी, च्युइंगगमसारखी. ती वर्षानुवर्षं वाळून कडक होत नाही, पुढे काढायची वेळ आली तर निघते, आणि ट्रॅक उन्हात हलला तरी ती बरोबर हलते. कडेने वर पॉलियुरेथेनची बारीक रेघ.

एक होडीवाल्यांची खोड सांगतो, ती सगळीकडे कामी येते. भोक पाडल्यावर मोठ्या बिटने त्याची वरची कड थोडी खोलगट करा, वाटीसारखी. त्या वाटीत ब्युटाइलची छोटी गोळी. बोल्ट आवळला की ती गोळी त्याच्याभोवती अंगठीसारखी दाबून बसते. सपाट कडेवर मात्र आवळताना सगळं सीलंट बाहेर पिळून निघतं, आणि जिथे हवं तिथेच काही उरत नाही. ब्युटाइल असेल तर पहिल्या दिवशी पुरतं आवळू नका. उन्हात एक-दोन दिवस बसू द्या, बाहेर आलेलं कापा, पुन्हा थोडं आवळा.

ट्रॅकची टोकं बुजवू नका. निदान उताराकडचं टोक तरी उघडं ठेवा. दोन्ही टोकं सीलंटने बंद केलेला ट्रॅक म्हणजे बोल्टांची रांग बुडवून ठेवलेलं पाण्याचं पन्हळ.

उन्हाचंही गणित आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, आणि त्याच टपावर पहिली सर पडली की तो काही मिनिटांत गार होतो. दोन मीटरचा ॲल्युमिनियमचा ट्रॅक चाळीस अंशांच्या फरकाने जवळपास दोन मिलिमीटर लांब-आखूड होतो. खाली ॲल्युमिनियमचीच चौकट असेल तर दोघं बरोबर चालतात, काळजी नाही. लाकूड मात्र तसं लांबत नाही. तिथे ट्रॅकच्या मधली भोकं नेमकी ठेवा आणि टोकांकडची ट्रॅकमधली भोकं कानसीने किंचित लांबट करा, नाहीतर हे रोजचं ओढणं शेवटी स्क्रूवर येतं.

खाऱ्या हवेचं काय? बोल्ट स्टेनलेसचेच, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर ३१६ ग्रेडचे. बाजारात न विचारता मिळतात ते बहुधा ३०४ असतात. पर्वरीत तेही काही वर्षं काढतील, कळंगुट-कांदोळीला लवकर डाग पडतील. जस्त चढवलेले लोखंडी स्क्रू अजिबात नकोत. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं, ही त्यांची जुनी भांडणं आहेत. मोठ्या पत्र्यात लहान बोल्ट असल्याने झीज हळू होते, पण होते. नायलॉनचे वॉशर घाला, आट्यांना बोटींसाठी मिळते ती गंजरोधक पेस्ट लावा. स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमच्या रिव्हनटमध्ये कोरडा घातलात तर तीन वर्षांनी तो निघणार नाही, रिव्हनटच फिरेल, आणि मग तुम्ही ग्राइंडर घेऊन टपावर बसाल.

बसाल म्हटलं, पण टपावर बसू नका. कामासाठी दोन घोडे आणि फळी लावा. गुडघा टेकला तरी पत्र्याला खळी पडते. ड्रिल करताना बिटला टेपची पट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. दिव्याची वायर कुठून गेलीय ते आधी बघा, गादी बाहेर काढा, आणि एकच भोक पाडून थांबा. बाहेर आलेला कीस काय सांगतो ते बघा: चकचकीत ॲल्युमिनियम, कोरडा भुसा की काळपट ओला भुसा? पुढची भोकं त्यावर ठरतात. काम झाल्यावर कीस ब्रशने नको, व्हॅक्यूमने ओढा. लोखंडाचा बारीक कीस रंगावर राहिला तर पहिल्या पावसात तांबड्या ठिपक्यांची रांगोळी होते.

सिलिंग लगेच लावू नका. होजपाइपने वीस मिनिटं पाणी सोडा, ट्रॅकच्या वरच्या बाजूने, थेट झोत न मारता. आतल्या पट्टीवर आधी खडूची पूड भुरभुरून ठेवा. थेंब आला तर पुडीत त्याचा माग दिसतो. नुसत्या डोळ्याला तो सुटतो, कारण पाणी भोकातून आत येतं आणि बरगडीवरून हातभर चालत जाऊन भलतीकडे टपकतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तुमचा कॅम्पर नोंदणीत कसा दाखवलाय, सुटं सामान की गाडीचा भाग, यावर पुढचं अवलंबून. आरटीओत एकदा विचारून घ्या, आणि विमा कंपनीलाही. कयाकसकट एकूण उंची मोजून ती केबिनमध्ये डोळ्यांसमोर लिहून ठेवा, गावातल्या वाटांवर आंब्याच्या फांद्या तुमच्यासाठी वर होणार नाहीत.

आता तुमच्या घाईबद्दल. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. त्याआधी सिलिंग उघडणं, कुजलेलं निघालं तर बदलणं, इपॉक्सी वाळणं, सीलंट बसणं हे सगळं सावकाश होईल असं मला वाटत नाही. माझ्याकडेही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्यांची रांग लागते. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता फक्त तपासणी केली असती, क्लिपा बदलल्या असत्या, आणि गळती असेल ती बुजवली असती. पावसाळाभर तो टप कोरडा राहतो का, हीच त्याची खरी परीक्षा. ट्रॅक तुळशीच्या लग्नानंतर. तोवर कयाक हवीच असेल तर हवा भरायची घ्या, ती कॅम्परच्या आत मावते. आणि खरं सांगायचं तर ती आणल्यावर दोघांनी ट्रॅकचा बेत सोडून दिलेला मी पाहिलाय.

सध्या एवढं करा. पुढच्या डाव्या कोपऱ्यातली सिलिंगची पट्टी काढा, कारण पाणी बहुधा नाकाकडे आधी शिरतं. आतला फोटो काढा, टोच्या किती आत गेला ते लिहा, कडेच्या पट्टीची रुंदी आणि क्लिपांची संख्या मोजा, आणि रिकामा टप एकट्याने उचलता येतो का तेही कळवा. मग बोल्ट किती आणि किती अंतरावर, ते सांगतो.